चामड्यावर कोरलेली नक्षी पुसट का राहते?

ठोकताना ठसा छान खोल दिसतो. चामडं वाळतं आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर सगळी नक्षी कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. पाकळीच्या कडा गोलसर, रेषा मिटलेल्या, खोलगट भागात तो गडद तपकिरी रंग नाहीच. कोरीवकाम शिकणाऱ्याला ही अडचण पहिल्या महिन्यात येते आणि कारण सापडलं नाही, तर वर्षभर पुन्हा पुन्हा येत राहते.

अशा वेळी नवशिका दोन गोष्टी करतो. मोगरी जोरात मारतो, नाहीतर महागडी हत्यारं मागवतो. दोन्हींनी फारसा फरक पडत नाही. जोर कमी पडणं हे कारण यादीत शेवटून पहिलं आहे. तपासायचं ते या क्रमाने: चामडं, पाणी, खालचा दगड, पातं आणि मग हात. क्रम मोडू नका. चामडंच चुकीचं असेल तर पुढचं काहीही सुधारून उपयोग नाही.

चामडं कशात कमावलंय?

कोरीवकाम फक्त झाडाच्या सालीत कमावलेल्या, म्हणजे व्हेज टॅन चामड्यावर होतं. ओलं असताना दाबलेले त्याचे तंतू वाळल्यावर त्याच जागी घट्ट बसतात. क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं चामडं लवचीक असतं. दाबलं की दबतं, सोडलं की परत वर येतं. धारावीत किंवा कुठल्याही चामडेबाजारात पर्सेस, जॅकेट आणि बुटांच्या वरच्या भागासाठी मिळणारा बहुतेक माल क्रोमचा असतो. 'नॅचरल' रंगाचं म्हणून मिळालेलं प्रत्येक चामडं व्हेज टॅन असेलच असं नाही.

दुकानातच तपासून घ्या. कापलेल्या कडेकडे पाहा. मध्ये निळसर-राखाडी पट्टा दिसला तर क्रोम. वरच्या बाजूवर पाण्याचा थेंब सोडा. व्हेज टॅनमध्ये तो काही सेकंदांत मुरतो आणि जागा गडद होते. त्या ओल्या जागी नख दाबा, खूण तशीच राहायला हवी. घरी आल्यावर शंका उरली तर बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा. व्हेज टॅन आक्रसून वाकडं होतं, नीट कमावलेलं क्रोम जवळपास तसंच राहतं.

थेंब मुरत नाही, पण चामडं व्हेज टॅनच आहे, असंही होतं. मग एकतर वर फिनिशचा थर मारलेला असतो किंवा घोड्याच्या सामानासाठी बनवताना त्यात चरबी-मेण भरलेलं असतं. कमावलेलं बरोबर असूनही ते पाणी घेत नाही, म्हणून कोरायला निरुपयोगी. पट्टे, लगाम यांसाठी ते उत्तमच आहे, पण तो प्रश्न वेगळा.

आपल्याकडे साहजिकच अनेकांची नजर कोल्हापुरी चपलेच्या चामड्याकडे जाते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, म्हणजे जात बरोबर. त्यावर ठसे उत्तम बसतात. मात्र तळासाठी वापरतात ते म्हशीचं चामडं जाड धाग्याचं आणि मोठ्या रंध्रांचं असतं. त्यावर पात्याने बारीक वळणदार पाकळी कापायला गेलात तर रेषा करवतीसारखी दिसते. भूमितीची नक्षी, सूर्यफुलाचे मोठे ठसे, काठाची वेल यांसाठी ते घ्या. बारीक फुलं शिकायची असतील तर गुळगुळीत पृष्ठभागाचं, दाट विणीचं चामडं शोधा आणि तेही पाठीच्या किंवा पुठ्ठ्याच्या, म्हणजे जनावराच्या कमरेमागच्या भागातलं. पोटाकडचं चामडं स्वस्त मिळतं, कारण ते सैल असतं. पाणी स्पंजसारखं पितं आणि ठसा धरत नाही. पहिले सहा तुकडे पोटाकडच्या चामड्यावर वाया घालवण्यापेक्षा पाठीचा एक तुकडा घेतलेला परवडतो.

जाडी सुरुवातीला ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवा. परदेशी विक्रेते जाडी औंसांत सांगतात. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर, त्यामुळे आठ-नऊ औंस मागवलं की हीच जाडी येते. दीड मिलिमीटरच्या पाकिटाच्या चामड्यावर खोल कोरीवकाम होतच नाही, त्याला दबायला जागाच नसते.

पाणी: बहुतेक दोष इथेच

चामडं नुसतं ओलं असून चालत नाही. आतून ओलसर आणि वरून जवळजवळ कोरडं असं ते हवं. वरचा थर थोडा घट्ट असला की कड धरतो आणि आतला ओलसर गाभा दबून खाली बसतो. नवशिके नेमकं उलटं करतात. स्पंज फिरवतात आणि लगेच ठोकायला बसतात. तेव्हा वरचा थर चिंब आणि गाभा कोरडा असतो. ठसा मऊ लगद्यात उमटतो आणि मिटतो.

ज्याच्या हाती वेळ आहे त्याच्यासाठी रात्रभराची पद्धत सगळ्यात भरवशाची. तुकडा दोन्ही बाजूंनी स्पंजने भरपूर ओला करा, किंवा बुडबुडे कमी होईपर्यंत काही सेकंद पाण्यात धरा. मग उघड्यावर ठेवा. गडद झालेला रंग कडांकडून परत मूळ फिका होऊ लागला की हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. बारा तासांत ओल सगळीकडे सारखी पसरते. सकाळी बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं हवेवर ठेवा. रंग जवळजवळ कोरड्यासारखा, पण गालाला लावल्यावर थंड लागतो, ही वेळ बरोबर. गालाची कसोटी हास्यास्पद वाटेल, पण कुठल्याही घड्याळापेक्षा ती चांगली चालते.

वेळ नसेल तर दोन्ही बाजूंनी ओलं करा, वीस-तीस मिनिटं थांबा, रंग परतायला लागला की कामाला लागा. पाणी मुरायला कुरकुर करत असेल तर अर्ध्या लिटर पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे तीन-चार थेंब टाका.

आता खरी युक्ती. हातातल्या चामड्याला किती ओल लागते हे कुणी सांगू शकत नाही, ते तेच चामडं सांगतं. त्याच कातड्यातून ५ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब पट्टी कापा. नीट ओली करा. मग दर दहा मिनिटांनी त्याच बेव्हलरने (कापलेल्या रेषेच्या एका बाजूचं चामडं उतरतं दाबणारं हत्यार), तेवढ्याच जोराने, शेजारी शेजारी तीन ठोके मारा आणि बाजूला बॉलपेनने वेळ लिहा. (बॉलपेन चामड्याला लावायची परवानगी आयुष्यात एवढीच, ती शाई निघत नाही.) मध्येच एक छोटी रेषाही कापून पाहा. पट्टी पूर्ण वाळेपर्यंत हे चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाचा.

पहिल्या ठशांभोवती पाणी बाहेर आलेलं दिसेल, कडा गोल आणि रंग फिका. हे अतिओलं. मधले काही ठसे तळाशी गडद तपकिरी, कड धारदार, ठोक्याचा आवाजही बदललेला आणि खणखणीत. ही तुमची खिडकी, म्हणजे ठोकायची नेमकी वेळ. शेवटचे ठसे उथळ, वर नुसती चमक, आणि कापलेली रेषा जागोजागी फाटलेली. हे कोरडं. खिडकी कोणत्या मिनिटाला उघडली आणि कोणत्या मिनिटाला मिटली हे पट्टीवर लिहिलेलंच आहे. ही पट्टी भिंतीवर लावून ठेवा. नवीन कातडं आणलं की नवी पट्टी.

पट्टीचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं हे विसरू नका. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे पंखा चालू असेल तर खिडकी दहा मिनिटांतच मिटू शकते. पंखा बंद करा, आणि ज्या भागावर काम चालू नाही तो प्लास्टिकने झाका. कोकणात जुलैमध्ये उलट होतं. तासभर थांबलं तरी रंग परतत नाही आणि लोक कंटाळून अतिओल्या चामड्यावर ठोकू लागतात. तिथे सुरुवातीला पाणीच कमी लावा. शिवाय पावसाळ्यात ओलं चामडं पिशवीत दोन दिवसांहून जास्त ठेवलं तर बुरशी धरते. काम अर्धवट राहिलं तर पिशवी फ्रिजमध्ये ठेवा.

मध्येच चामडं वाळू लागलं तर फक्त त्या जागी थेंब टाकू नका, तिथे डागाची कड उठते. संपूर्ण पृष्ठभागावर स्प्रेची हलकी फवारणी मारा, पाच मिनिटं थांबा.

खालचा दगड

पाणी बरोबर आहे आणि तरी ठसा उथळ येतोय, तर टेबलाकडे पाहा. लाकडी पाटावर किंवा प्लास्टिकच्या कटिंग बोर्डावर ठोकलेला अर्धा जोर पाटच खातो. खाली जड, कडक, सपाट दगड हवा. स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट साधारण १६ ते १८ मिलिमीटर जाड असतो. मार्बलवाल्याकडे त्याचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. एकावर एक दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवा, एक फूट बाय एक फूट पुरे. दगडाखाली पातळ रबर चालेल, गादीसारखं जाड रबर घातलं तर पुन्हा तेच. दगड टेबलाच्या मध्यभागी न ठेवता पायाच्या वर ठेवा. शेजाऱ्यांचा त्रासही थोडा कमी होतो.

मोगरी लाकडाची, कच्च्या कातड्याची किंवा पॉलीची, ३५० ते ४५० ग्रॅमची. लोखंडी हातोडी नको. हत्यारांची डोकी पसरतात आणि दांडे वाकतात.

पातं ओढतंय, रेषा फाटतेय

रेषा नीट कापली नसेल तर बेव्हलरला टेकायला कड मिळत नाही आणि नक्षी पुसट दिसते. म्हणून पुसट नक्षीची तक्रार पुष्कळदा स्विव्हल नाइफची, म्हणजे बोटांत फिरणाऱ्या दांड्याच्या कोरायच्या सुरीचीच असते.

या सुरीला स्वयंपाकाच्या सुरीसारखी पातळ धार नको असते. बोथट कोनाची, पण आरशासारखी घासून चमकवलेली धार हवी. नव्या सुरीचं पातं कारखान्यातून आलं तसं क्वचितच चालतं. काचेवर १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पात्याचे दोन्ही उतार आहेत त्याच कोनात घासा. मग बफिंगवाल्यांकडे मिळणारी हिरवी वडी जाड पुठ्ठ्यावर किंवा चामड्याच्या मागच्या बाजूवर चोळा आणि पातं त्यावर फक्त मागे ओढा, धार पुढे ढकलू नका. शेवटी पातं उचलताना मनगट वळलं की टोकाची धार गोल होते, आणि कापण्याचं काम तर टोकच करतं. दर दहा-पंधरा मिनिटांच्या कापणीनंतर असं वीस वेळा ओढा. पातं जड वाटायला लागल्यावर नव्हे, त्याआधीच.

पकड अशी: तर्जनी वरच्या खोबणीत, खाली दाबणारी एवढी एकच. अंगठा आणि मधलं बोट दांड्याला फिरवतात. करंगळी चामड्यावर टेकलेली. सुरी स्वतःकडे ओढायची. पुढे-मागे कलली तर चालेल, पण डावीउजवीकडे मुळीच नाही. बाजूला कलली की काप चामड्याखाली तिरका शिरतो. बेव्हल करताना तिथली कड सालीसारखी उचलली जाते आणि ती दुरुस्त होत नाही. वळणावर सुरी कलते, कारण मनगट वळतं. मनगट स्थिर ठेवून दांडा बोटांनी फिरवा, नाहीतर सरळ चामडंच फिरवा.

खोली जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे ३ मिलिमीटरला १ मिलिमीटर. रेषेच्या शेवटाकडे दाब कमी करत न्या. दोन रेषा एकमेकींना छेदू देऊ नका, जिथे भेटतात तिथे केसभर जागा सोडा. बेव्हल करताना ती आपोआप भरते. छेदल्या तर कोपरा उचकटून येतो.

सराव करायचा तर फुलं कापत बसू नका. एका तुकड्यावर पंचवीस इंग्रजी सी आणि पंचवीस एस, एका दमात, मागे वळून न गिरवता. काप दुरुस्त करायला दुसऱ्यांदा त्याच रेषेतून गेलेली सुरी जवळपास नेहमी दुसरी रेषा काढते.

बेव्हलरचे टप्पे

पाकळीभोवती पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील तर प्रत्येक ठोक्यानंतर हत्यार उचलून नव्या जागी ठेवलं जातंय. बेव्हलर उचलायचा नसतो, चालवायचा असतो. अनामिका आणि करंगळी चामड्यावर टेकून हत्यार पृष्ठभागापासून मिलिमीटरभर वर तरंगतं ठेवा. जाड कड कापलेल्या रेषेत. मोगरीचे छोटे, सारखे, भराभर ठोके. प्रत्येक ठोक्याला हत्यार त्याच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी सरकवा. मोगरी मनगटाने मारा, कोपराने नाही.

बाहेरच्या बाजूला हत्याराच्या टाचेची रेघ उमटत असेल तर तुम्ही ते मागे कलवताय. रेषेच्या आत, म्हणजे पाकळीच्या बाजूला खळगा पडत असेल तर हत्याराने रेषा ओलांडली आहे. कोणत्या बाजूला दाबायचं हा गोंधळ असेल तर एवढंच लक्षात ठेवा: जे वर दिसायला हवं त्याच्या बाहेर. देठ पानाच्या वरून जात असेल तर देठाच्या दोन्ही बाजूंनी पान दाबायचं.

अमेरिकी पद्धतीच्या फुलांच्या नक्षीत सुरीनंतरचा क्रम साधारण असा असतो: कॅमोफ्लाज (देठ-पानांवर पोत देणारा ठसा), पेअर शेडर (पाकळीत खोलगट छटा देणारा), बेव्हलर, व्हेनर (पानाच्या शिरा), सीडर (फुलाच्या मधले बियांचे ठिपके), मग बॅकग्राउंड (नक्षीमागची मोकळी जागा दाबणारा) आणि अगदी शेवटी सुरीचे सजावटीचे काप. हत्यारांच्या नंबरांच्या आधीचं अक्षर प्रकार सांगतं. बी म्हणजे बेव्हलर, पी शेडर, व्ही व्हेनर, एस सीडर, ए बॅकग्राउंड. सात हत्यारं पहिल्या वर्षाला पुरतात. व्हेनर आणि सीडर कमी ओलीवर उत्तम उमटतात, म्हणून ते उशिरा येतात. सीडरवर एकच ठोका, दुसऱ्याने दुहेरी कड दिसते. बॅकग्राउंड सगळीकडे सारख्याच खोलीचा मारा आणि ठसा थोडा थोडा फिरवत राहा, नाहीतर रांगा दिसतात.

नक्षी वाकडी झाली

गोल होतं ते लंबगोल झालं, कापलेली पट्टी साच्यात बसेना. ओलं चामडं ठोकल्यावर पसरतंच. सुरुवातीलाच मागच्या बाजूला रुंद ब्राउन पॅकिंग टेपच्या दोन आडव्या-उभ्या थरांनी ते बांधून टाका. जुना एक्स-रेचा पत्रा रबर सोल्युशनने चिकटवला तर अजून चांगलं, पण तो काढताना तंतू उचकटतात, म्हणून अस्तर लागणार असेल तरच. टेप लावायची तर मागची बाजू कोरडी असतानाच लावा आणि मग पुढूनच पाणी द्या. काहीही केलं तरी तुकडा मापापेक्षा चहूबाजूंनी एक सेंटिमीटर मोठा ठेवा आणि कोरून, वाळवून झाल्यावर मापात कापा.

काळे ठिपके

टॅनिनला, म्हणजे सालीतून चामड्यात उतरलेल्या तुरट द्रव्याला, ओलं लोखंड भेटलं की काळा डाग पडतो. चामड्याची शाई बनते म्हणा ना. हत्याराचा क्रोमचा मुलामा उडालेला असेल, टेबलावर लोखंडाचा कीस असेल किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल, तर हेच होतं. पाणी फिल्टरचं वापरा, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. डाग पडलाच तर लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून संपूर्ण तुकड्यावर फिरवा आणि नंतर साध्या पाण्याने पुसा. हे रंग देण्याआधीच करायचं. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा आणि नखं कापा. ओल्या चामड्यावर नखाची कोर हत्याराइतकीच छान उमटते.

काम चांगलं झालं होतं, नंतर गेलं

काही वेळा कोरीवकाम उत्तम असतं आणि पुढच्या टप्प्यांत मरतं. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, सपाट ठेवून चोवीस तास द्या. आत ओल असताना रंग दिला तर ढग उठतात. नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) एकच पातळ हात, तोही लोकरीच्या बोळ्याने, आणि पुन्हा एक दिवस थांबायचं. तेल ओतलं की चामडं फुगतं आणि दबलेले तंतू सैल होतात.

अस्तर चिकटवताना पुष्कळ जण कोरलेल्या बाजूवर हातोडी किंवा रोलर फिरवतात आणि दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत सपाट करतात. कोरलेली बाजू खाली, मऊ फोमवर ठेवा आणि अस्तराच्या बाजूने हाताने दाबा.

अँटिक पेस्ट (खळग्यांत बसून ते गडद करणारी) लावून नक्षी उठवायची असेल तर आधी रेझिस्टचे, म्हणजे रंग चामड्यात शिरू न देणाऱ्या लेपाचे दोन पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. रेझिस्ट खळग्यात साचून राहिलं तर पेस्ट तिथे बसतच नाही आणि नक्षी पुन्हा फिकी दिसते. पेस्ट गोल फिरवून लावा, मिनिटभरात सपाट घडी केलेल्या कापडाने पुसा. कापड बोटावर गुंडाळलं तर बोट खळग्यात शिरतं आणि जिथे राहायला हवी तिथलीच पेस्ट निघून येते.